बसून केलेला पंचनामा

परबभाऊ उभ्याने काहीही लिहीत नसत. कुरिअरवाला दारात आला तरी त्याच्याकडून कागद घेऊन ते आत जात, खुर्चीत बसत, चष्मा लावत, पाकिटावर कोणाचं नाव आहे ते वाचत आणि मग सही करत. तोवर तो बिचारा लिफ्टचं दार पायाने अडवून उभा. आमच्या बोरीवलीच्या इमारतीत नव्याने आलेल्या प्रत्येक कुरिअरवाल्याला हे एकदा भोगावं लागे. दुसऱ्या वेळी तो परबांचं पार्सल गुपचूप समोर आमच्याकडे देऊन जाई. दोन घरांचं येणंजाणं वाढलं ते असं.

नोकरीने ते मंडळ अधिकारी होते. उपनगरातल्या एका तहसील कचेरीत, पाच-सहा तलाठ्यांच्या वर आणि नायब तहसीलदाराच्या खाली. मुंबईत तलाठी असतो हेच कित्येकांना ठाऊक नसतं. टॉवर कितीही उंच नेलात तरी खाली जमीनच असते आणि तिच्यावर सरकारचा सारा असतो, असं ते सांगत. कचेरीत सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. वडील गिरणीत होते, गाव मालवणच्या बाजूला. घरात बायकोशी, म्हणजे आमच्या काकींशी, मालवणी, आमच्याशी मुंबईची मराठी आणि कागदावर सरकारी मराठी, अशा तीन भाषा त्यांनी तीन खिशांत ठेवल्या होत्या.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा युनियनमधले. आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. समोरच्या दारात महसूल खात्याचा माणूस राहतो, म्हणजे शत्रू लुंगी नेसून पेपर आणायला जातो, एवढं माझं मत पक्कं होतं. अकरावीत असताना मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, एका वस्तीवर फिरवलेल्या बुलडोझरबद्दल, आणि मुद्दाम त्यांच्या हातात दिलं. ते आत गेले. बसले. लाल पेन्सिल घेतली. दहा मिनिटांनी कागद परत आला.

"विशेषणं नऊ, तारीख एकही नाही," ते म्हणाले. "शिव्या दे ना, माझं काही म्हणणं नाही. पण पत्ता घालून दे. नाहीतर पोचत नाहीत."

तेव्हापासून मी त्यांची पत्रकबाई. जिन्यात भेटलो की हमखास विचारत, "काय पत्रकबाई, आज कोणाची वाट लावलीस?" आणि तेव्हापासून माझं एकही पत्रक त्यांच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय छपाईला गेलं नाही. 'महसूल खाते झोपले आहे' असं मी एकदा लिहिलं होतं. त्यांनी 'झोपले' खोडून वर 'रजेवर' लिहिलं आणि म्हणाले, खोटं लिहू नकोस, मी स्वतः मस्टर बघितलंय.

त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत एक बसकर असे. तांदळाच्या गोणीचा चौकोनी तुकडा, कडा काकींनी शिवलेल्या. कुठेही जागा बघायला गेले की आधी बसकर टाकायचं, चपला बाजूला काढायच्या, त्यावर बसायचं आणि निदान तासभर काही लिहायचं नाही. त्यांचे तलाठी वैतागत. साहेब, मोजणी झाली, पंच आलेत, लिहून टाकू ना. परबभाऊंचं उत्तर ठरलेलं असे. "जमीन बघायची तर तिच्यावर बूड टेकायला लागतं रे. उभ्या माणसाला फक्त हद्द दिसते."

याची चव आमच्या सोसायटीनेही घेतली. तिसऱ्या मजल्यावर शहांनी पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठेवलं, राण्यांनी तक्रार केली, आणि बघता बघता प्रकरण गुजराती विरुद्ध मराठी असं होऊन बसलं. सेक्रेटरी परबभाऊंना घेऊन गेले. त्यांनी पॅसेजमध्ये बसकर टाकलं आणि बसून राहिले. शहांच्या घरून चहा आला, राण्यांच्या घरून चहा आला, दोन्ही प्यायले. तासाभराने म्हणाले की कपाटामागच्या भिंतीला ओल आलीय, राण्यांच्या बाथरूममधून. शहाभाभींनी ती झाकायला कपाट ठेवलंय, कारण तक्रार केली तर राण्यांना भिंत फोडावी लागेल आणि त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आहे. राणेकाकू तिथेच उभ्या होत्या. लग्नात शहाभाभी पहिल्या पंगतीला होत्या.

कचेरीत त्यांचा एक मित्र होता, देशमाने. सोलापूरकडचे, वसुलीचे नायब तहसीलदार, म्हणजे हुद्द्याने परबभाऊंच्या वर. पण दोघे एकाच वर्षी नोकरीला लागलेले, म्हणून एकमेकांना अरे-तुरे. अकरा वर्षं दोघांनी एकाच टेबलावर डबा खाल्ला. देशमान्यांची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, परबभाऊंची सोलकढी. देशमाने माशाला हात लावत नसत, पण काकींची सोलकढी तांब्याभर पीत. मी कामासाठी कचेरीत गेले की मलाही भाकरीचा तुकडा मिळे. देशमाने वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं.

झालं असं. पश्चिमेला खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा आहे. नाव देत नाही, तिथल्या बायकांना नावासकट फोटो काढणाऱ्यांचा कंटाळा आलाय. वाड्याला लागून एक मोठं मैदान आहे. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यावर वलांड्या उभ्या असतात, म्हणजे बांबूच्या उंच चौकटी, आणि त्यांवर बोंबील वाळत असतात. जागा कोणा एकाची नाही. सगळा वाडा वापरतो. कागदावर मात्र ती धाकला पोशा नावाच्या एका माणसाच्या नावावर होती, ज्याला जाऊन बावीस वर्षं झाली होती. त्याच्या नावाने सरकारने अकृषिक कराच्या नोटिसा काढल्या, त्याही व्यापारी दराने, कारण जुन्या स्थळपाहणीत या जागेचा वापर 'बांबू व ताडपत्रीचे गोदाम' असा नोंदलेला होता. नोटिसा मेलेल्या माणसाला मिळाल्या नाहीत. थकबाकी साठत गेली. शेवटी जागा जप्त दाखवून तिचा लिलाव निघाला. खाडीकाठची एवढी मोकळी जागा. घेणारे कोण होते ते मी सांगायला नको.

लिलावाच्या यादीचा कागद मी परबभाऊंच्या घरी नेला. त्यांनी तो बसून वाचला. कचेरीतलं घरी बोलायचं नाही हा त्यांचा नियम होता, म्हणून एवढंच म्हणाले, "माझ्या मंडळातली आहे." दुसऱ्या दिवशी ते बसकर घेऊन मैदानावर गेले.

तिथल्या बायकांमधली मोठी हिराबाई. धाकल्या पोशाची सून, साठी उलटलेली, बाजारात तिच्याशी भाव करायची कोणाची टाप नाही. तिने मला नंतर सांगितलं की सकाळी एक पँट-शर्टातला बाबा आला, चपला काढून मैदानात बसला आणि दुपारपर्यंत उठलाच नाही. तिला वाटलं ऊन लागलं. पाणी घेऊन गेली तर त्याने विचारलं, या चौकटी पावसाळ्यात कुठे जातात? ती म्हणाली, जातील कुठे, मासेमारी बंद झाली की सोडवायच्या, बांबू इथंच रचायचे, होड्या वर ओढायच्या आणि सगळ्यावर ताडपत्री टाकायची. दर वर्षी. तिच्या सासूच्या सासूपासून. हे ऐकल्यावर बाबाने विचारलं, ताडपत्री निळी असते का, असं ती म्हणाली.

परबभाऊंनी पंचनामा दिला: जागा मासळी सुकवण्याची आहे, गोदाम नाही, कर चुकीचा बसलाय, लिलाव थांबवावा. आणि इथे देशमाने आडवे आले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. फायलीत सही-शिक्क्याची स्थळपाहणी आहे. ती खोटी ठरत नाही तोवर थकबाकी खरी, आणि खरी थकबाकी सोडायचा अधिकार कोणाला नाही. आज मासळीसाठी सोडली तर उद्या प्रत्येक बिल्डर आपल्या प्लॉटवर दोन बोंबील टांगेल. वसुलीचा जाब वर त्यांना द्यायचा होता, परबभाऊंना नाही.

लिलावाआधी जागेवर दवंडी पिटावी लागते. पद्धत जुनी, पण कायद्यात आहे. मुंबईत दवंडीवाला मिळणार कुठून? देशमान्यांनी लग्नाच्या बँडमधला एक ढोलवाला धरून आणला आणि सकाळी अकराला मैदानावर ढोल वाजवला. बायका त्या वेळी बाजारात. वाड्यात उरलेल्या चार म्हाताऱ्या बाहेर आल्या आणि विचारू लागल्या, हळद कोणाची? त्यातली एक नाचायलाही लागली. शिपायाने कागद वाचला तो त्या नाचातच वाचला. कोणाला काही कळलं नाही.

दवंडी रीतसर झाली, असा दाखला मंडळ अधिकाऱ्याने द्यायचा असतो. परबभाऊंनी सही केली नाही. ऐकायला माणूस नसेल तर ती दवंडी नव्हे, ती वरात, असं त्यांनी फायलीवर लिहून पाठवलं. देशमान्यांनी खाली लिहिलं, भाषेला आवर घालावा. यांनी त्याखाली लिहिलं, दवंडीला वेळ पाळावी, संध्याकाळी पाचला बायका परत येतात. असे आठ-दहा शेरे. दोघांची टेबलं शेजारी होती, पण बोलणं बंद, सगळं फायलीतून. शिपाई दिवसातून सहा वेळा ती फाईल दोन हात अंतर नेत होता. जेवणाच्या वेळी मात्र दोघे एकाच टेबलावर. भाकरी देताना देशमाने बोलत नसत, पण देत असत. सोलकढीचा तांब्या नेहमीसारखा मधे.

शेवटी प्रकरण तहसीलदार मॅडमपुढे गेलं. तरुण बाई, नव्याने आलेल्या, फाईल वाचणाऱ्या. त्यांनी निकालाआधी एकच गोष्ट विचारली. जुनी स्थळपाहणी कोणी केली? पानाची खालची कड भिजून गेली होती, नाव गेलेलं, सहीचा फक्त फराटा उरलेला. मॅडम म्हणाल्या, त्या माणसाला शोधा. तो समोर येऊन 'चुकलं' म्हणाला तर मी नोंद दुरुस्त करते. नाही तर माझे हात बांधलेत, लिलाव होईल.

मी पेटले. घरी आले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. 'ज्याने उभ्या उभ्या कोळीवाडा विकला, तो कारकून कोण?' असा मथळा. खाली देशमान्यांचा समाचार, त्याखाली सगळ्या खात्याचा. छपाईला जाण्याआधी परबभाऊंकडे गेले.

त्यांनी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचलं. मग विचारलं, "या माणसाने पैसे खाल्ल्याचा पुरावा आहे तुझ्याकडे?"

मी नाही म्हणाले.

"मग 'विकला' काढ."

"आणि काय लिहू?"

"'लिहून टाकला' लिही. 'उभ्या उभ्या' राहू दे. ते खरं आहे."

देशमान्यांवरची विशेषणंही त्यांनी पाच खोडली, एक ठेवलं. 'हट्टी.' माझ्या डोक्यात तेव्हा काहीही आलं नाही. मी पत्रक छापलं आणि वाड्यात, कचेरीबाहेर, स्टेशनाबाहेर वाटलं. कचेरीच्या फाटकावर शिपायाने एक मागून घेतलं. देशमान्यांनी ते वाचून घडी करून वरच्या खिशात ठेवल्याचं मी पाहिलं.

सुनावणीला खोलीत मॅडम, देशमाने, परबभाऊ, हिराबाई आणि तिच्याबरोबरच्या दोघी. मी दाराजवळच्या बाकावर, पत्रकांचा गठ्ठा मांडीवर. देशमाने म्हणाले की स्थळपाहणी करणारा कर्मचारी आढळून आलेला नाही, सबब ती ग्राह्य धरून लिलावास मंजुरी मिळावी.

परबभाऊ तोवर बसले होते. या एका गोष्टीसाठी ते उभे राहिले.

"मॅडम, ते अक्षर माझं आहे."

देशमाने त्यांच्याकडे बघत राहिले, मग समोर मॅडम आहेत हे विसरून त्यांना नावाने हाक मारत हलक्या आवाजात म्हणाले, "मधू, निवृत्तीला चार महिने राहिलेत रे."

"म्हणूनच. चार महिन्यांनी माझी सही चालणार नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तेवीस वर्षांपूर्वी बदली होऊन येऊन सहा दिवस झाले होते. त्या दिवशी पाच जागा बघायच्या होत्या. श्रावण होता. मैदानात घोट्यापर्यंत चिखल. ते रस्त्यावरच छत्री धरून उभे राहिले. समोर रचलेले बांबू, निळ्या ताडपत्र्या आणि ताडपत्रीखाली झोपलेला एक म्हातारा, तो राखणदार असेल असं वाटलं. तिथेच, छत्रीखाली, उभ्याने लिहिलं: गोदाम. "मी कोकणातला आहे मॅडम. सुकी मासळी जन्मभर खाल्ली. पण पावसाळ्यात वलांड्या काढून ठेवतात हा विचार डोक्यात आला नाही. उन्हाळ्यात परत यायला हवं होतं. आलो नाही."

हिराबाई म्हणाली, "तो म्हातारा माझा सासरा. त्याला ताप होता." आणि मग, अगदी शांतपणे, "चिखलाला भ्यायलात व्हय, भाऊसाहेब?"

"हो," परबभाऊ म्हणाले.

मॅडमनी जबाब लिहून घेतला. परबभाऊ खाली बसले, पूर्ण वाचला, एक काना सुधारला आणि सही केली. माझ्या मांडीवर दीडशे पत्रकं होती आणि त्या सगळ्यांवर 'तो कारकून कोण?' असं छापलेलं होतं. मी गठ्ठा पालथा ठेवला.

लिलाव रद्द झाला. नोंद दुरुस्त झाली आणि वापरात 'मासळी सुकविणे, सामूहिक' असं आलं. आणि परबभाऊंवर खात्याची चौकशी लागली. चुकीचा अहवाल, शासनाची दिशाभूल. निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ नाही, हार नाही, पेन्शनचं येणं सगळं अडकलेलं. ज्याने चूक दडवली असती तो सन्मानाने शाल घेऊन घरी गेला असता, आणि ज्याने चूक कबूल केली त्याची चौकशी. या एका वाक्यावर मी अजूनही एक पत्रक काढणार आहे, आणि त्यात विशेषण एकही नसेल.

काकींनी नंतर मला सांगितलं की सुनावणीच्या आदल्या दिवशी त्या यांना म्हणाल्या होत्या, "चार म्हयने गप ऱ्हवाक काय होता तुमका?" त्यावर यांचं उत्तर, "इतकी वर्सां गप होतंय, माका म्हायती नव्हता म्हणान. आता म्हायती असा."

कोळणींनी कचेरीत सुक्या बोंबलांचं एक मोठं बोचकं पाठवलं. दोन मजले घमघमले. परबभाऊंनी हात लावला नाही, चौकशी चालू आहे, लाच धरतील म्हणाले. आयुष्यात माशाला न शिवलेल्या देशमान्यांनी ते रुमाल नाकाला लावून उचललं, हिराबाईला रीतसर भाव विचारून पैसे दिले आणि संध्याकाळी स्वतः काकींच्या हातात आणून दिलं. बरोबरच्या पिशवीत एक नवीन बसकरही होतं, सोलापुरी चादरीचं. माझं पत्रकही त्यांनी खिशातून काढून मला परत दिलं. म्हणाले, 'हट्टी' बरोबर आहे.

निवृत्तीनंतरचा पहिला श्रावण. एका सकाळी परबभाऊ दारात. चल म्हणाले, पंच म्हणून सही करायची आहे. आम्ही कोळीवाड्यात गेलो. रिमझिम चालू होती. मैदानाशी रस्त्यावर पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलातून थेट मधे चालत गेले. ताडपत्रीचं एक टोक हिराबाईने वर धरलं. खाली रचलेल्या बांबूंवर सोलापुरी बसकर टाकून ते बसले. तासभर हिराबाईशी बोलत राहिले, पावसाच्या भरवशाबद्दल, तिच्या नातवाच्या कॉलेजबद्दल. मग लिहायला घेतलं. श्रावणात ही जागा कशी दिसते. बांबू कोणत्या बाजूला रचलेले, होड्या किती, ताडपत्र्या कोणाच्या. त्यांच्या सहीला आता काडीची किंमत नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी तसं म्हणाले.

"पुढचा जो येईल तो पावसातच येईल," ते म्हणाले. "या लोकांच्या बदल्या जूनमध्ये होतात. एक प्रत हिराबाईकडे राहू दे, त्याच्या हातात द्यायला."

मी सही करायला पेन घेतलं.

"उभ्याने नको. बस."

मी बसले, वाचलं, सही केली. मला कामावर जायचं होतं, म्हणून निघाले. त्यानंतरच्या आठवड्यात ते काकींना घेऊन गणपतीसाठी गावाला गेले आणि तिथेच, अनंत चतुर्दशीच्या आधी, गेले. त्यांची चौकशी अजून चालू आहे.

त्या दिवशी रस्त्यावर पोचल्यावर मी मागे वळून पाहिलं. तेवीस वर्षांपूर्वी ते छत्री घेऊन उभे होते ती जागा साधारण हीच असणार. तिथून परबभाऊ दिसत नव्हते. हिराबाई दिसत नव्हती. रचलेले बांबू होते, निळ्या ताडपत्र्या होत्या, आणि रस्त्याच्या कडेला काढून ठेवलेल्या त्यांच्या चपला. मी बराच वेळ बघत होते. तिथून ते अगदी गोदामासारखंच दिसत होतं.